बद्द आवाज

ओट्यावरून स्टीलचा टंबलर खाली पडला आणि नुसता धप्प आवाज झाला. हरिप्रसादनं पेपरमधून मान वर केलीही नसती. पण बायकोनं, भवानीनं, दोन्ही कानांवर हात दाबले, चेहरा कसनुसा केला आणि म्हणाली, "अय्यो, केवढा तो आवाज! दांत शिवशिवले माझे." म्हणून त्यानं पाहिलं. टंबलर अजून फरशीवर काठावर गरगरत होता. स्टीलचं भांडं असं गरगरताना काय आवाज करतं ते त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच? लहानपणापासून घरात कॉफीचे हेच टंबलर आणि त्यांच्याखालचे हेच वाटीसारखे डवरे. ते पडले की आधी खण्ण, मग बारीक लांबत जाणारी किणकिण, आणि शेवटी घाईघाईनं विझणारी थरथर. आता ती थरथर डोळ्यांना दिसत होती, कानांपर्यंत काहीच येत नव्हतं. टंबलर थांबला. त्यानं उठून तो उचलला, पंच्यानं पुसला, आणि भवानी कॉफीचं डिकॉक्शन ओतायला वळलेली पाहून कमरेइतक्या उंचीवरून पुन्हा सोडून दिला. धप्प. "काय करितां हें?" भवानी ओरडली. "लहान मूल की काय तुम्ही?" "निसटला," तो म्हणाला. खोटं इतक्या सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग तो देवापाशी गेला. घंटा उचलून हलवली. घंटेतून लाकडावर बोट वाजवल्यासारखं टुक टुक आलं. ही घंटा जुनी झाली, तिचा लोलक झिजला, असं तो वर्षभर म्हणत होता आणि नवी आणू या म्हणत होता. भवानी म्हणायची, चांगली तर वाजते, कशास नवी. गेली दोनतीन वर्षं त्याचं ठाम मत झालं होतं की माणसं हल्ली पुटपुटतात. बायका जास्त. मुली त्याहून जास्त. सुष्मिता, त्याची मुलगी, सिंगापूरहून फोन करायची तेव्हा तो निम्म्या वेळी म्हणायचा, "नेटवर्क बरोबर नाहीं गे, अम्माशीं बोल." कुकरच्या शिट्ट्या तो मोजत नाही म्हणून भवानी चिडायची आणि माझं लक्ष कामात असतं असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. पक्ष्यांबद्दल तर त्यानं एकदा बाल्कनीत उभं राहून शेजाऱ्यांना व्याख्यान दिलं होतं की अण्णा नगरात झाडं इतकी असून पक्षी उरले नाहीत, मोबाइलच्या टॉवरनी मारले. शेजारी ऐकून घेत होते. त्यांच्या डोक्यावरच्या कडुनिंबात त्या वेळी काय काय किलबिलत असेल, देव जाणे. हे सगळं त्याला घंटा हातात धरून एकदम आठवलं आणि कानशिलं गरम झाली. पण ही लाज किरकोळ होती. हिच्यामागून येणारी दुसरी होती, आणि ती येते आहे हे त्याला कळलं होतं. म्हणून तो घंटा खाली ठेवत नव्हता.

त्याच्या डोळ्यांसमोर पुलाचा तळ उभा होता. खालून पाहिलेला, करड्या काँक्रीटचा, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं स्वतः आखलेले खडूचे गोल.

हरिप्रसादचं काम पुलांना हातोडीनं ठोकून पाहण्याचं. कोणी विचारलं तर तो पुलांचा सल्लागार असं सांगायचा, आणि ते खरंही होतं. त्यानं पुलांची डिझाइनं केली होती, बेअरिंगं बदलून घेतली होती, भेगा भरून घेतल्या होत्या. पण त्याचं नाव झालं ते कानामुळं. काँक्रीट आतून एकसंध असलं की हातोडीखाली खणखणीत नाद देतं. आत सळई गंजून थर सुटलेला असला की तेच काँक्रीट बद्द बोलतं, आणि तिथं खडूनं गोल आखायचा. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात तेवढंच हे शास्त्र. फक्त मडकं गळलं तर पाणी सांडतं आणि पूल गेला तर बस जाते. त्याला हे गिरीधर रावांनी शिकवलं. राव त्याला पुलाखाली नेत, डोळे मिटायला लावत आणि म्हणत, डोळ्यांस भूल पडते, कानांस पडत नाहीं. तेव्हापासून हरिप्रसाद डोळे मिटूनच ठोकायचा. पुढं पुढं त्यात थोडं नाटकही आलं. परांचीवर उभं राहून, मान वाकडी करून, डोळे मिटून तो एकदा ठोके आणि खडू पुढं करी, आणि खाली उभे असलेले सरकारी बांधकाम खात्याचे लोक श्वास रोखून पाहत. ऑफिसात त्याला पाठीमागे 'कान' म्हणत. हे त्याला माहीत होतं आणि आवडत होतं. भूल कानांनाही पडते, हे सांगायला गिरीधर राव आता हयात नव्हते. शेवटी शेवटी त्यांनाही ऐकू येत नसे. भेटायला गेलं की ते नुसते हसत, आणि केवढे शांत झालेत राव, असं हरिप्रसाद घरी येऊन सांगायचा.

कान जाऊ लागला की उंच, बारीक आवाज आधी जातो. शिट्टी, घंटा, पाखरू, पोरींचं बोलणं आणि काँक्रीटचा नाद. जाडाभरडा आवाज उरतो. म्हणजे नाद गेला की मागे राहतो तो फक्त ठोका, आणि नुसता ठोका हा बद्दच असतो. चांगल्या काँक्रीटमधूनही बद्द. त्यानं देवापुढं बसून हे पायरीपायरीनं स्वतःला समजावलं, विद्यार्थ्याला समजवावं तसं. कुठं चूक निघते का पाहिलं. निघाली नाही. गेल्या दोनतीन वर्षांत त्यानं तपासलेले पूल आठवले. प्रत्येक वेळी खडू जास्त लागला होता. प्रत्येक वेळी खात्यानं म्हटलं होतं की हरिप्रसाद फार कडक माणूस, त्याच्या हातून काही सुटत नाही. एका सभेत त्याला शालही दिली होती. कान जसजसा जात होता तसतसं त्याचं नाव वाढत होतं. तो घंटेकडं पाहत राहिला, आणि भवानीनं दोनदा हाक मारली असावी, कारण ती आली तेव्हा चिडलेली होती. "कॉफी गार झाली. ध्यान करितां की काय?" तो उठला. गार कॉफी प्यायला. तिला सांगावं असं त्याला वाटलं. तिच्याकडं पाहिलं तर ती पदरानं गळा पुसत होती, आणि तो पेपरची घडी घालू लागला.

मेट्रोत दारं मिटायच्या आधी दिवा लुकलुकला आणि लोक घाईनं आत शिरले. पूर्वी इथं काहीतरी पीपी वाजायचं, नाही का? त्यानं ओठ दाबले. आज दुपारी गिंडीला, त्याच्याच ऑफिसात, खात्याचे चीफ इंजिनियर येणार होते. शोळिंगनल्लूरच्या पुढं कालव्यावर एक जुना पूल होता. पलीकडं एक वस्ती. मासे विकणारे, घरकाम करणारे, ऑफिसांतून झाडू मारणारे लोक. त्या पुलाचा निर्णय आज पक्का व्हायचा होता. पाडायचा. नवा होईपर्यंत वस्तीला पलीकडून यायला जवळची वाट उरणार नव्हती. लांबचा वळसा घालायचा, आणि नवा पूल कधी होईल ते कोणी सांगत नव्हतं. दूर कुठल्या तरी राज्यात पूल पडल्याची बातमी तेव्हा ताजी होती आणि सगळे घाबरलेले होते. यंत्रंही लावून पाहिली होती. यंत्रांचे आकडे मधलेच आले. पूल वाईट असं म्हणावं तर म्हणता यावं, बरा म्हणावं तर तसंही. मग सगळ्यांनी हरिप्रसादकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले, ठोकलं, आणि तळभर गोल आखले. त्याच संध्याकाळी पुलाच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे आडवे पडले आणि बस बंद झाली, रिक्षा बंद झाल्या, माणसं तेवढी चालत येऊ जाऊ लागली.

आणि शरण्या. गाडी भूमिगत बोगद्यातून चालली होती, काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि शरण्याची आठवण इतका वेळ आपण बाजूला ठेवली होती हे त्याला उमगलं. शरण्या त्याच्या हाताखालची इंजिनियर, बाळकृष्णाची मुलगी. बाळकृष्ण आणि तो तंजावरला एका गल्लीतले. समाजाच्या रामनवमीत ती त्याला मामा म्हणायची, पानकम्, म्हणजे गुळाचं पन्हं, आणून द्यायची. ऑफिसात सर म्हणायची. त्या दिवशी परांचीवर ती त्याच्या शेजारी होती. त्यानं एक गोल आखला तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, हें मला बरं वाटतें. नाद येतोय." त्यानं पुन्हा ठोकलं. बद्द. ती म्हणाली, "येतोय सर." खाली खात्याची माणसं मान वर करून उभी होती. तमिळमध्ये तिला बोलणं बरं दिसलं नसतं, चारचौघांत मुलीचा अपमान. म्हणून तो आपल्या घरच्या बोलीत, तंजावरच्या मराठीत बोलला, कोणाला कळणार नाही असं समजून. "तुला कान नाहींत की काय गे? दिवसभर त्या नळ्या कानांत घालून गाणीं ऐकायची, आणि पूल ऐकायला यायचें! बाळकृष्णास सांगूं का, मुलीस शिवण शिकव म्हणून?" शब्द कळले नसतील कोणाला. पण खाली एक जण बुटांकडं पाहू लागला होता. शरण्यानं खडूचा डबा वर धरला, पुढचा गोल आखायला. वर तो मनात म्हणालाही होता की बघा, किती जपून बोललो मी. घरच्या बोलीत तो आजवर कोणालाच असं बोलला नव्हता. मेट्रोत उभ्या उभ्या त्याला इतकी लाज वाटली की त्यानं डोळे मिटले, आणि डोळे मिटण्याची ती आपली जुनी सवय आठवून पुन्हा उघडले.

गिंडीला उतरल्याबरोबर त्यानं शरण्याला ऑफिसच्या गाडीसह खाली बोलावलं. पुन्हा एकदा पूल पाहून येऊ, चीफ यायच्या आधी, एवढंच सांगितलं. ती पुढं ड्रायव्हरजवळ बसली, तो मागं. महाबलीपुरम् रस्त्यावर दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती सुरू झाल्या. शरण्या समोर पाहत काहीतरी म्हणाली. तिचं डोकं हललं, केसांतलं फूल हललं. शब्द आले नाहीत. "हं," तो म्हणाला. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "सर, शिडी तिथंच आहे, हातोडी घेतली आहे, आणखी कांही सामान होणें का?" आता प्रत्येक शब्द लख्ख आला. मग ती पुढं पाहून बोलू लागली आणि शब्द पुन्हा पुसले गेले. त्यानं हे दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. ही दोनतीन वर्षं तो लोकांचे ओठ वाचत होता आणि ऐकतोय असं समजत होता. डोळ्यांस भूल पडते म्हणणाऱ्या माणसाचा शिष्य डोळ्यांवरच जगत होता. आता बोलावं, आता गाडीत, ड्रायव्हरला मराठी कळत नाही. घरच्या बोलीत अपमान करता आला, कबुली द्यायला काय हरकत होती? वाक्य तर तीन शब्दांचं: ऐकूं येत नाहीं. त्यानं ते जिभेवर घेतलं. तेवढ्यात आपण साठीला आलो नाही अजून, आपल्याला दुसरं काही येत नाही, उद्यापासून आपल्याला ऑफिसात कुठं बसवतील, असं काय काय मनात आलं. टोलनाक्याच्या जागी गाडी हळू झाली आणि पुन्हा वेगात निघाली.

पुलाच्या या टोकाला ठोकळ्यांना टेकून एक म्हातारी उभी होती आणि पुलाच्या मधोमध कठड्याच्या कट्ट्यावर तिचा नवरा पाय पसरून बसला होता. एक पाय सुजून चकचकीत झालेला. म्हातारीनं हरिप्रसादला ओळखलं. परांचीवर डोळे मिटून उभा असलेला साहेब सगळ्या वस्तीनं पाहिला होता. तिनं आपलं नाव अलमेलू सांगितलं, हात जोडले आणि त्याच्या अगदी समोर येऊन बोलू लागली, दात नसलेलं तोंड मोठं उघडून, त्यामुळं त्याला सगळं कळलं. "सार, तुम्ही नसता तर एक दिवस आम्ही बससकट खाली गेलो असतो. माझी सून त्याच बसनं जायची. रोज देवापुढं तुमचं नाव घेते मी." तो म्हणाला, "त्यांना चालत नेता?" "दवाखान्यात, आठवड्यातून दोनदा. रिक्षा इथवरच येते. पूल चालून यायचा. मध्ये एकदा बसतात, पुन्हा उठतात. परवाइल्लै सार, हरकत नाही, जीव राहिला, पाय दुखला तर दुखू दे." तिनं कमरेच्या पिशवीतून पेरू काढला, पदराला पुसून त्याच्या हातात ठेवला, झाड त्यांचंच आहे, म्हणाली. त्यानं तो घेतला. नको म्हणायचंही त्याला सुचलं नाही. म्हातारा मधून उठला, दोन पावलं टाकली, कठडा धरून थांबला. हरिप्रसादला वाटलं, धावत जाऊन त्याला उचलावं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की इथून पळून जावं, गाडीत बसावं, काचा वर कराव्यात. शरण्या गेली. तिनं म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला रिक्षापर्यंत आणलं. हरिप्रसाद पेरू धरून उभा राहिला.

पुलाखाली सावली आणि चिखलाचा वास. परांची अजून तशीच होती. दोघं वर चढले, आणि डोक्यावर हातभर अंतरावर गोल सुरू झाले, एकाला एक चिकटून, दूरवर. त्यानं या वेळी डोळे उघडे ठेवले. पुलाचा तळ त्यानं बहुधा प्रथमच नीट पाहिला. थर सुटतो तिथं आधी तपकिरी डाग उतरतो, केसासारखी भेग पडते. गोलांच्या आत ना डाग ना भेग. नुसतं करडं, सपाट, जुनं काँक्रीट आणि त्याच्या हाताचा खडू. हे त्याला त्या दिवशीही दिसलं असतं. "तूं ठोक," तो शरण्याला म्हणाला. "आणि सांग." तिनं हातोडी घेतली, ठोकली, त्याच्याकडं पाहिलं. "पोकळ, सर." पुढच्या गोलात ठोकली. "पोकळ." आणखी पुढं. "पोकळ, सर." हातोडी खाली येते ना येते तोच तिचा शब्द येत होता. ती काँक्रीटकडं पाहतच नव्हती. ठोकायची आणि त्याच्या तोंडाकडं पाहायची. त्याच्या भुवया, त्याचा जबडा, जे काही तिथं दिसत असेल ते वाचायची आणि ते बोलायची. त्या दिवसानंतर ती हे शिकली होती. चांगली मुलगी होती, लवकर शिकली. बाळकृष्णाला तो म्हणाला होता, तुझ्या मुलीस घडवतों मी. एक माणूस बहिरा होतो ते त्याचं नशीब म्हणता येईल. पण इथं त्यानं आणखी एका धडधाकट माणसाचे कान काढून घेतले होते.

तो वळला. तिच्याकडं पाठ करून, कालव्याकडं तोंड करून, परांचीचा बांबू धरून उभा राहिला. पाण्यावर जलपर्णी आणि तिच्यात अडकलेल्या बाटल्या होत्या. "आतां ठोक," तो म्हणाला. "मजकडे पाहूं नको. मोठ्यानें सांग." मागून हातोडीचा ठोका आला, जाड, मेलेला. मग बराच वेळ काहीच नाही. तिनं काही म्हटलं आणि आपल्याला ऐकू आलं नाही, की ती गप्प आहे, हे त्याला कळेना. मग तिचा आवाज आला, ऑफिसात कधी काढत नाही इतका मोठा, रामनवमीत लांबून हाक मारावी तसा. "मामा, हें बरं आहे." ठोका. "हेंही बरं आहे." ठोका. "बरं आहे." ती पुढं पुढं सरकत गेली, परांचीच्या फळ्या हलत होत्या, आणि दर ठोक्यामागून ती तेच मोठ्यानं सांगत होती. तो मोजत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पाठ वळवलेली असल्यामुळं ते पुसायची गरज नव्हती. एका ठिकाणी ती थांबली, दोनदा ठोकलं, आणि म्हणाली, "हें मात्र बद्द आहे, मामा." तो वळून गेला. खांबाजवळ, पाणी झिरपतं तिथं, काँक्रीटवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. तिचं बरोबर होतं. पूल चांगला होता. थोडी डागडुजी, आणि बस जाऊ शकत होती. आजच ठोकळे काढता आले असते.

खाली उतरल्यावर शरण्यानं हात झटकले, हातोडी पिशवीत घातली. आता सांगायलाच हवं होतं. ती बुटाच्या टोकानं चिखलाची ढेकळं फोडत उभी राहिली. त्यानं घसा खाकरला. ती एकदम म्हणाली, त्याच्याकडं तोंड करून, "त्या दिवशीं भरती होती, नाहीं की मामा? तळास ओल होती. ओलीनें आवाज बसतो." तो तिच्याकडं पाहत राहिला. त्या दिवशी भरती नव्हती. कालव्यात चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, त्यात बगळे हिंडत होते, आणि दोघं कोरड्या बुटांनी परांचीवर चढले होते. तिलाही हे आठवत होतं. तिनं त्याच्यासमोर एक दार उघडून धरलं होतं आणि त्यानं फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. पूल वाचणार होता, म्हातारा रिक्षातून जाणार होता, मग एवढंसं खोटं कोणाचं काय बिघडवणार? "हौ," तो म्हणाला. "ओल होती." आणि त्याला एवढं हलकं वाटलं, एवढं हलकं वाटलं की त्या हलकं वाटण्याचीच शरम वाटली. गाडीत त्यानं पेरू शरण्याला दिला. तिनं तो पर्समध्ये ठेवून दिला.

चीफ इंजिनियर जाड मिशांचे गृहस्थ होते. त्यांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या असल्यामुळं त्यांचं बोलणं आपल्याला कधी नीट का कळत नाही, हेही हरिप्रसादला आज कळलं. टेबलाच्या एका बाजूला खात्याचे लोक, दुसऱ्या बाजूला तो आणि शरण्या. त्यानं उभं राहून सांगितलं. भरती, ओल, तळाला बसलेलं पाणी, बसलेला आवाज. मनाचं समाधान होईना म्हणून आज पुन्हा गेलो, पुन्हा ठोकलं. पूल बरा आहे, एका खांबाजवळ तेवढी दुरुस्ती. वाक्यं सराईतपणे येत होती. त्यात एकदाही 'शरण्या' हा शब्द आला नाही, आणि तो येत नाही हे त्याला बोलता बोलता जाणवत होतं, जसं चालता चालता बुटात खडा जाणवतो. त्याचं संपल्यावर चीफ हसले. मिशांमागून काय आलं ते त्याला तुटक तुटक कळलं. असा माणूस दुसरा नाही, आपलंच म्हणणं मागं घ्यायला छाती लागते, ओल आणि पोकळी यातला फरक दुसऱ्या कोणाच्या कानाला कळला नसता, असं काही. खात्याच्या लोकांनी माना डोलावल्या. ठोकळे काढण्याचा हुकूम तिथंच फोनवर गेला. पूल वाचला. अलमेलू आता देवापुढं आणखी एकदा आपलं नाव घेईल, हे मनात येऊन त्याला बसावंसं वाटलं, आणि तो बसला.

मग चीफ शरण्याकडं वळले. बोट उगारलं, रागानं नव्हे, वडीलधाऱ्या माणसासारखं, आणि बराच वेळ बोलले. हरिप्रसादला फक्त 'तूही तिथं होतीस' आणि 'शीक' एवढं कळलं. त्याला पुढचं कळायला हवं होतं, कारण आता काहीतरी बोलायचं ते त्यानंच बोलायचं होतं. चूक हिची नव्हती, हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एवढं तरी. शरण्यानं खुर्ची वळवली. उत्तर चीफना द्यायचं होतं, पण तिनं तोंड हरिप्रसादकडं केलं. ओठ नीट उघडून, एकेक शब्द सुटा सुटा ठेवत, ती तमिळमध्ये म्हणाली, "हो सर. चूक माझीच. ओल होती हे मला आधी दिसायला हवं होतं. सरांनी मला विचारलंही होतं." एकही शब्द निसटला नाही. तिला माहीत होतं. आजच कळलं असेल, किंवा पुष्कळ आधीच. आणि त्याला सगळं कळावं म्हणून ती त्याच्याकडं वळून बोलत होती. त्याच्या बायकोनंही आजवर त्याला एवढं सांभाळून घेतलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. चीफनी तेवढ्यात त्याच्याकडं पाहून काहीतरी विचारलं आणि सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहू लागले. त्यानं शरण्याकडं पाहिलं. ती सावकाश म्हणाली, "पुढच्या महिन्यात नदीवरचा मोठा पूल आहे. तुम्ही तपासाल का, विचारतायत." तिचे डोळे त्याच्यावर होते. तीन शब्दांचं वाक्य तिथंच होतं, सकाळपासून जिभेखाली.

"तपासतो," हरिप्रसाद म्हणाला.

तेव्हा शरण्यानं तोंड फिरवलं, आणि त्यानंतर खोलीत काय बोललं गेलं ते त्याला कळलं नाही.